विश्लेषण : ऑनलाइन विकले जाणारे जुने नाणे खरे की खोटे? ‘ग्रेडिंग नाही’ या दोन शब्दांत काय दडलेले असते?

‘आजोबांच्या पेटीतला १९३९ सालचा चांदीचा रुपया. ग्रेडिंग केलेले नाही. फोटो नीट पाहून घ्या. परत घेतला जाणार नाही.’ फेसबुकचे ग्रुप, इन्स्टाग्रामच्या रील्स आणि खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर अशा मजकुराच्या जाहिराती सर्रास दिसतात. सोबत दोन फोटो असतात. एका बाजूला सहाव्या जॉर्जचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी आणि ‘वन रुपी’. फोटो किंचित धूसर, पार्श्वभूमीला लाल मखमल. खाली प्रतिक्रियांमध्ये कोणी ‘ओरिजिनल आहे का भाऊ?’ असे विचारतो आणि उत्तर येते, ‘१०१ टक्के’.

१९३९ हे साल या जाहिरातीत उगाच आलेले नाही. त्या सालचा रुपया खरोखरच दुर्मीळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी टंचाईची झाली, रुपयातली चांदी घटवण्यात आली आणि १९३९ ची बहुतांश नाणी वितळवली गेली. त्याच्या आधीच्या वर्षाचा, म्हणजे १९३८ चा रुपया मात्र सहज मिळतो. दोघांत फरक शेवटच्या एका आकड्याचा. ८ चा ९ करण्यासाठी टांकसाळ लागत नाही, बारीक कोरणी आणि सवयीचा हात पुरतो. म्हणूनच या जाहिरातीतली चांदी अस्सल, वजन अस्सल, राजाही अस्सल असू शकतो आणि तरीही नाणे खोटे असू शकते.

ग्रेडिंग म्हणजे नेमके काय?

नाण्याचे ग्रेडिंग म्हणजे त्रयस्थ संस्थेने नाणे तपासून ते खरे असल्याची ग्वाही देणे, त्याच्या स्थितीला १ ते ७० यांपैकी एक अंक देणे आणि ते प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बंद करणे. या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. ७० पर्यंतची ही मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकी अभ्यासकाने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. सर्वांत खराब नाण्याची किंमत १ धरली, तर सर्वोत्तम नाण्याची ७०, असा त्यामागचा साधा हिशेब. तो बाजारात फार काळ टिकला नाही, पण मोजपट्टी टिकली. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या अमेरिकी कंपन्यांनी ती जगभर नेली.

भारतात विकली जाणारी बहुतेक जुनी नाणी मात्र या डबीत कधीच गेलेली नसतात, आणि त्यात गैर काही नाही. ग्रेडिंगला शुल्क पडते, पाठवणीचा खर्च पडतो, वाट पाहावी लागते. सर्रास मिळणाऱ्या राणीछाप रुपयासाठी किंवा तांब्याच्या पाव आण्यासाठी हा खटाटोप कोणी करत नाही. त्यामुळे ‘ग्रेडिंग नाही’ म्हणजे ‘खोटे आहे’ असा सरळ अर्थ लावणे चूक ठरेल.

पण याच दोन शब्दांचा अर्थ किमतीबरोबर बदलतो, आणि इथे बहुतेक नवखे खरेदीदार फसतात. स्वस्त नाणे ग्रेडिंगविना असणे स्वाभाविक आहे. ज्या नाण्याची किंमत ग्रेडिंगच्या खर्चाच्या कित्येक पट आहे, ते ग्रेडिंगविना का, हा प्रश्न विचारायलाच हवा. ग्वाही मिळाल्यावर जे नाणे दुप्पट-तिप्पट भावाने जाईल, ते विक्रेता तसेच का विकतो? कधी उत्तर निरागस असते. वारसाला काही माहीत नसते, घर आवरताना पेटी निघालेली असते. पण अनेकदा नाणे तपासणीला जाऊन आलेले असते. घासून चकाकी आणलेल्या किंवा कोरकाम केलेल्या नाण्याला कंपन्या अंक देत नाहीत, ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात. तो शेरा नको असेल तर डबी फोडून नाणे पुन्हा ‘ग्रेडिंग नाही’ म्हणून बाजारात आणता येते. थोडक्यात, महागड्या आणि ग्रेडिंग नसलेल्या नाण्यांच्या ढिगात नापास झालेल्यांचे प्रमाण आपोआप वाढत जाते. चांगली नाणी डबीत जातात, उरलेली फिरत राहतात.

डबीवरही डोळे झाकून विश्वास ठेवण्याची सोय उरलेली नाही. बनावट डब्या आणि नकली लेबले निघाली आहेत. खऱ्या नाण्याचा प्रमाणपत्र क्रमांक उचलून खोट्या नाण्यावर चिकटवला जातो. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडणे, हाच त्यावरचा उपाय.

जे नाणे कधी निघालेच नाही

सर्वांत सोपी फसवणूक ही नक्कल नसतेच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने, १८१८ साल टाकलेली, एका बाजूला राम दरबार, हनुमान किंवा कमळ आणि दुसऱ्या बाजूला ‘यूकेएल वन आना’ अशी इंग्रजी अक्षरे असलेली तांब्या-पितळेची नाणी लाखो रुपयांची म्हणून मिरवली जातात. तांदूळ ओढून घेणारे, घरात लक्ष्मी आणणारे वगैरे कहाण्या सोबत मोफत. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. मद्रास इलाख्यातल्या कंपनीच्या पॅगोडा नाण्यांवर विष्णूची प्रतिमा होती हे खरे, पण त्यांचा आणि या राम दरबारी चकत्यांचा काही संबंध नाही. ही देवळाबाहेर मिळणाऱ्या टोकनांची जातकुळी. ज्याचे मूळच नाही, त्याचे खरे-खोटे तपासण्यात वेळ घालवू नये.

याच पठडीतला दुसरा प्रकार म्हणजे वैष्णोदेवीचे चित्र असलेली ५ आणि १० रुपयांची २०१२ ची नाणी. ती खरी आहेत, सरकारी टांकसाळीतूनच निघाली आहेत, पण लाखांची नाहीत. ‘तुमच्याकडे हे नाणे असेल तर आम्ही लाखात घेतो’ असे म्हणणारा पुढे ‘प्रक्रिया शुल्क’ मागतो आणि खरा धंदा तोच असतो. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून असे शुल्क उकळले जात असल्याने बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून इशारा दिला. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

वय जास्त म्हणजे किंमत जास्त?

नाही. ‘१८६२ चा रुपया, दीडशे वर्षांहून जुना’ ही जाहिरात खोटी नसते, फक्त अर्धवट असते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत तसेच गोठवून ठेवले होते. बारा-तेरा वर्षे एकाच सालाची नाणी पडत राहिली. त्यामुळे १८६२ चा रुपया हा त्या काळातला सर्वांत सहज मिळणाऱ्या रुपयांपैकी एक आहे. संग्राहक त्यातही मुंबई टांकसाळीच्या ठिपक्यांची संख्या मोजून प्रकार लावतात, पण जाहिरातीतल्या फोटोत ते ठिपके दिसतील तर शपथ.

उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया वयाने लहान आणि भावाने मोठा. त्यावर राजाच्या झग्यावरील पदकात हत्ती कोरला होता. सोंड आखूड आणि पाय आखूड, त्यामुळे तो डुकरासारखा दिसतो असा बोभाटा झाला, लोक बिथरले आणि नाणे मागे घ्यावे लागले. १९१२ पासून हत्ती सुधारला. ही गोष्ट खरेदीदाराच्या कामाची आहे. नंतरच्या एखाद्या सालाचा आकडा कोरून ‘१९११’ केला असेल, तर झग्यावरचा हत्ती सुधारित निघतो. साल बदलता येते, हत्ती बदलणे अवघड. १९३९ च्या बाबतीत आधार आणखी जवळचा आहे. त्या सालात ९ हा आकडा दोनदा येतो. दोन्ही ९ मोठ्या भिंगाखाली एकमेकांशी ताडून पाहावेत. वळण वेगळे, उंची वेगळी किंवा शेवटच्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा वाटला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

वजनकाटा आणि पाण्याचा पेला

मराठीत नाणे ‘खणखणीत’ असते आणि माणूस ‘वाजवून’ घेतला जातो, ते सराफाच्या दगडावर रुपया आपटून पाहण्याच्या सवयीमुळे. ऑनलाइन व्यवहारात दगडही नाही आणि सराफही नाही. उरते ते भौतिकशास्त्र, आणि ते स्वस्त आहे.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. तोळा म्हणजे तेच वजन. आज सराफ बोलताना दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण मूळचा तोळा हा बंद्या रुपयाएवढाच होता आणि सोने तोलताना रुपयाच पारड्यात पडे. या रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि उरलेले तांबे. हे प्रमाण १९३९ पर्यंतच्या नाण्यांना लागू आहे. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७ चे रुपये तर निव्वळ निकेलचे, त्यामुळे ते लोहचुंबकाला चिकटतात आणि चिकटायलाच हवेत. ‘चुंबकाला चिकटले म्हणजे खोटे’ हा सल्ला देणारे वाघाची छाप असलेला १९४७ चा अस्सल रुपया फेकून देतील. चुंबकाला चिकटले नाही म्हणजे चांदी, हा उलटा समजही तितकाच फसवा. पितळ, जस्त, शिसे, जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच चिकटत नाही.

खोटे पाडणाऱ्याची खरी अडचण घनतेची असते. ९१.७ टक्के चांदीची घनता सुमारे १०.३, तर जर्मन सिल्व्हरची (नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते) साधारण साडेआठच्या आसपास. आकार अगदी हुबेहूब ठेवला, तर असे नाणे पावणेदहा ग्रॅमच्या घरात भरते. वजन ११.६६ वर न्यायचे, तर नाणे जाड करावे लागते. दोन्ही एकदम साधत नाही. म्हणून विक्रेत्याकडे फक्त वजन मागणे पुरेसे नाही. वजन, व्यास आणि जाडी, तिन्ही मागावे.

नाणे हातात आल्यावर ते घरी तपासता येते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा काहीशे रुपयांत मिळतो. आधी नाणे कोरडे तोलायचे. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचे, पण पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचे नाही. काट्यावर जो आकडा येईल, त्याने कोरड्या वजनाला भागायचे. ११.६६ ग्रॅमच्या अस्सल रुपयाला पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा यायला हवा. जर्मन सिल्व्हर असेल तर तेवढ्याच वजनाला १.३५ च्या पुढे जातो. नाणे झिजलेले असले तरी ही कसोटी बिघडत नाही, कारण झिजल्याने वजन घटते, घनता नाही. मात्र १९४० ते १९४५ च्या रुपयांना हीच मोजपट्टी लावू नये. त्यांची घनता मुळातच साडेनऊच्या घरात येते.

झीज आणि वजन यांचे नातेही पाहण्यासारखे आहे. राणीचे केस पूर्ण घासले गेलेत, अक्षरे पुसट झालीत आणि वजन मात्र टांकसाळीतून निघाल्यासारखे ११.६६ भरते, हे शक्य नाही. झिजलेली चांदी कुठे तरी गेलेली असते.

या परीक्षेची मर्यादाही आहे. अस्सल चांदीतच नवा छाप मारला असेल, तर घनता काही सांगत नाही. लक्ष्मीपूजनासाठी घडवलेली जुन्या छापाची नवी चांदीची नाणी बाजारात मुबलक आहेत. पूजेला ती उत्तम, पण पूजेनंतर काही वर्षांनी तीच ‘आजोबांची’ होऊन विक्रीला येतात. तिथे अक्षरांचे वळण, मण्यांची किनार आणि कडेवरच्या रेघा अस्सल नमुन्याशी ताडण्यावाचून इलाज नाही. कडेचा फोटो सर्वांत महत्त्वाचा तो यासाठी. ओतीव नाण्याचा सांधा कडेवर दिसतो. रुपये माळेत ओवण्याची पद्धत होती, त्या कडीचा डागही कडेवरच सापडतो. आणि नेमका कडेचाच फोटो जाहिरातीत नसतो.

शिवराई आणि होन : इथे काटा चालत नाही

महाराष्ट्रात या बाजाराचा सर्वांत हळवा कोपरा शिवकालीन नाण्यांचा. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. होन अतिशय दुर्मीळ आहे. समाजमाध्यमांवर मात्र तो दर आठवड्याला सापडतो. शिवराई उलट विपुल आहे, कारण महाराजांनंतरही छत्रपती आणि पेशव्यांच्या काळात, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत, अनेक टांकसाळींतून त्याच मजकुराची शिवराई पडत राहिली. त्यामुळे ‘महाराजांच्या काळातील शिवराई’ म्हणून विकले जाणारे नाणे अस्सल असूनही बहुधा महाराजांच्या काळातले नसते. विक्रेता खोटे नाणे देत नाही, खोटा काळ देतो आणि पैसे काळाचे घेतो.

ही नाणी हाताने घण मारून पाडलेली. वजन कमी-जास्त, आकार वेडावाकडा, ठसा अर्धाच उमटलेला. काट्याने निकाल लागत नाही, पण दुसरी एक गोष्ट हमखास कामाला येते. हातची दोन नाणी कधीच जुळी नसतात. ठसा एकच असला तरी तांब्याचा तुकडा वेगळा, घणाचा घाव वेगळ्या जागी, कडेची भेग वेगळी. एकाच विक्रेत्याकडे किंवा वेगवेगळ्या जाहिरातींत हुबेहूब त्याच आकाराची, त्याच जागी चीर गेलेली दोन नाणी दिसली, तर ती एका साच्यातून ओतलेली आहेत. जाहिरातीतला फोटो गुगल लेन्समध्ये टाकला की अशी जुळी भावंडे अनेकदा एका मिनिटात समोर येतात. अक्षरे पूर्ण, ठसा मधोमध, हिरवा गंज सगळीकडे सारखा, अशी देखणी शिवराई जास्त संशयास्पद मानावी.

‘शेतात हंडा सापडला’ ही कहाणीही याच कोपऱ्यात ऐकू येते. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे कहाणी खरी असेल तर विक्री बेकायदा आणि खोटी असेल तर नाणे खोटे. दोन्हीकडून खरेदीदार अडचणीत.

‘४.८ तारे’ कशाचे?

विक्रेत्याचे रेटिंग हा या बाजारातला सर्वांत गैरसमजाचा आकडा. मोबाइलचे कव्हर फाटके निघाले तर ग्राहकाला लगेच कळते, तो एक तारा देतो. नाणे खोटे निघाले तर ते ग्राहकाला कळतच नाही. पार्सल दोन दिवसांत आले, वेष्टन छान होते, म्हणून तो पाच तारे देऊन मोकळा होतो. नाण्यांच्या बाबतीत रेटिंग टपाल किती वेळेत पोचले हे सांगते, नाण्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. कॅश ऑन डिलिव्हरीचेही तसेच. पैसे आधी द्यावे लागतात, पाकीट नंतर उघडते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? विक्रेता प्रश्नांना कसा सामोरा जातो, त्यावर. कडेचा फोटो, काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो आणि ‘खोटे निघाल्यास परत घेईन’ हे लेखी वाक्य, एवढे मागून पाहावे. जुना, नाव जपणारा व्यापारी हे तासाभरात पाठवतो. त्याच्या बिलावर नाण्याचे साल आणि धातू लिहिलेला असतो. दुसरा विक्रेता ‘घ्यायचे असेल तर घ्या, तीन गिऱ्हाइके थांबली आहेत’ म्हणतो. मजकुरात ‘अँटिक लूक’, ‘टोकन’, ‘सुव्हेनिर’, ‘जसे आहे तसे’ असे शब्द पेरलेले असतील, तर त्याने पळवाट आधीच आखून ठेवली आहे.

पण सगळा भार खरेदीदारावर टाकून विक्रीची संकेतस्थळे नामानिराळी राहतात, ही या प्रश्नातली खरी खोट आहे. साडी विकताना लांबी, कापड आणि उत्पादनाचा देश भरून घेणारी यंत्रणा नाण्यासाठी वजन, व्यास आणि कडेचा फोटो सक्तीचा करू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द उमटवणे बंधनकारक आहे. त्या शब्दाविना आलेल्या प्रतिकृती तिथेही विकल्या जातात, पण निदान तक्रार कशाच्या आधारे करायची हे ग्राहकाला माहीत असते. इथल्या संकेतस्थळांनी ‘प्रतिकृती’ असा वेगळा विभाग केला, तरी पूजेची नाणी आणि आजोबांची नाणी एका रांगेत उभी राहणार नाहीत.

फसवणूक झाली तर?

पाकीट उघडतानाचे अखंड चित्रीकरण आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट हाताशी असावा, कारण जाहिरात दुसऱ्या दिवशी गायब होते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिन्याभरात ती निकाली काढणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पैसे थेट यूपीआयने पाठवले आणि समोरचा गायब झाला, तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. व्हॉट्सॲपवर ठरलेल्या सौद्यात विक्रेत्याचे नाव-पत्ता देणारे संकेतस्थळ मध्ये नसते, त्यामुळे तिथे परतफेडीची आशा सर्वांत कमी.

चांदीच्या सर्वसाधारण रुपयासाठी एक हिशेब खरेदीपूर्वी करून ठेवता येतो. एका रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने तिचे जे मोल होईल, त्याच्या वरची सगळी रक्कम ही साल, स्थिती आणि विक्रेत्याचा शब्द यांची आहे. ती रक्कम गेली तर झोप उडेल एवढी असेल, तर नाणे आधी जाणकाराच्या हातात पडायला हवे. अस्सल नाणी डोळ्यांखालून घालायची असतील, तर मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे मॉनेटरी म्युझियम आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे.

आणि खोटे निघालेले नाणे परत गेले नाही, तर? बहुतेक जण ते गुपचूप दुसऱ्या कोणाला विकून नुकसान भरून काढतात. तोच १९३९ चा रुपया मग पुन्हा नव्या मखमलीवर येतो, या वेळी पणजोबांच्या पेटीतून. मुरलेले संग्राहक असे नाणे पाकिटात घालतात, वर ठळक अक्षरांत ‘खोटे’ लिहितात आणि पुढचा रुपया घेताना ताडून पाहायला जवळ ठेवतात.